बेकरीची मात्रा

कलाकाराने चार वर्षं खपून एक फॉन्ट तयार केला होता. कलाकार हे त्याचं घरातलं टोपणनाव. भांडी घासायची राहिली की बायको हमखास त्याच नावाने हाक मारायची. पोटासाठी तो छापखान्यात पावतीपुस्तकं आणि व्हिजिटिंग कार्डं जुळवायचा. फॉन्ट मात्र स्वतःच्या हौसेचा: उभे दांडे भरदार, वळणं आणि मात्रा केसासारख्या बारीक. खास पाट्यांसाठी, मथळ्यांसाठी. जगाला अशा अक्षराची निकड आहे, अशी जगातल्या एका माणसाची पक्की खात्री होती. तो माणूस तो स्वतःच.

तेवढ्यात मेव्हण्याने बेकरी काढली. पाटीसाठी तो रंगाऱ्याकडे निघालेला.

"परक्याकडे कशाला जातोस? मी आहे ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच निघालो होतो, भाऊजी."

पण बहिणीपुढे मेव्हण्याचं काही चाललं नाही. पांढऱ्या फळीवर काळ्या रंगात एकच शब्द उमटला: बेकरी. दोन हातांवरून ती पाटी बघताना कलाकाराचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, जरा येऊन जा. सकाळपासून तिघांनी विचारलं, बकरी दूध किती देते?"

कलाकार तावातावाने गेला, रस्ता ओलांडला आणि मागे वळून पाटीकडे पाहिलं. एवढ्या लांबून केसाएवढी मात्रा नाहीशी झाली होती. उरली होती बकरी. इतकी रुबाबदार बकरी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"अशी अक्षरं जवळून बघायची असतात," तो पुटपुटला.

"म्हणजे गिऱ्हाईकाला आधी आत बोलवायचं, आणि मग बाहेर नेऊन पाटी दाखवायची?"

कलाकार ब्रश घेऊन शिडीवर चढला. बायकोने शिडी धरली.

"अजून जाड कर."

"अगं, तोल जाईल!"

"अक्षराचा की तुझा?"

मात्रा बोटाएवढी जाड झाली, तेव्हा कुठे समोरच्या फुटपाथवरून मेव्हण्याने हात हलवला.

दोन दिवस कलाकार घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्युटर उघडला आणि सगळ्या बारीक रेषा जाड करायला घेतल्या. नव्या फाईलला नाव दिलं, 'बकरीनंतर'. मनाविरुद्ध का होईना, अक्षर आता जास्त देखणं दिसत होतं. हे त्याने घरात कुणालाही सांगितलं नाही.

वर्षभराने त्या फॉन्टला पहिलं परकं गिऱ्हाईक मिळालं. बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाची पाटी. कलाकार मुद्दाम बघायला गेला. माणसं लांबून घाईघाईने येत होती, एक नजर टाकत होती आणि बरोबर आपापल्या दारात शिरत होती. कुणीही चुकलं नाही. तो अर्धा तास भारावून तिथेच उभा राहिला.

शेवटी दारावरच्या माणसाला राहवेना. "काका, आत जायचंय का तुम्हाला? मग लाजता कशाला?"