हरणाऱ्या गोलकीपरचा सत्कार

माझी भाची एका देशाच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे असं सांगितलं की लोक आधी सावरून बसतात. मग देशाचं नाव विचारतात आणि मोबाइलवर नकाशा शोधायला लागतात. युरोपातला एवढासा देश, आपल्या बागलाण तालुक्यात सहज मावेल असा. त्यातला बायकांचा राष्ट्रीय संघ म्हणजे तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. संघातली एक बेकरीत पाव भाजते, एक पोस्टात आहे, दोघी शाळेत शिकवतात आणि माझी भाची दातांच्या दवाखान्यात फोन घेते. दिवसभराचं काम संपवून ह्या सरावाला जातात, आणि मग कुठल्यातरी मोठ्या देशाकडून पाच, सात, कधी नऊ गोल खाऊन घरी येतात. भाची चार वर्षं त्या संघात होती. चार वर्षांत त्यांनी एकही सामना जिंकलेला नव्हता.

मेहुणे मूळचे नामपूरचे. तिकडे एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. माझी धाकटी बहीणही मग तिथलीच झाली, आणि भाची तर जन्मलीच तिथे. मराठी बोलते, तिला सगळं समजतं, पण वाचता येत नाही. त्या वर्षी ती नोव्हेंबरात एकटीच नाशिकला आली, इंदिरानगरला, आमच्याकडे. दीड महिना राहणार होती. सुट्टी आहे म्हणाली. इतकी सुट्टी कुठल्या दवाखान्यात मिळते, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन आला. पुढचे सामने खेळणार की नाही, हे त्यांच्या कोचला रविवारपर्यंत कळवायचं होतं, आणि ही काहीच बोलत नव्हती. दोनदा बोट मोडलं, प्रत्येक सामन्यानंतर दोन-दोन दिवस जेवत नाही, हसणं तर विसरलीच आहे, असं बहीण सांगत होती. शेवटी म्हणाली, तुझं ऐकते ती, तिला सोडायला लाव.

मला पटवायची गरज नव्हती. मी गणिताची मास्तरीण. शाळेत होते तेव्हा आणि निवृत्तीनंतर घरीही दहावीला गणितात नापास झालेल्यांनाच शिकवत आले. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं काम लोक मला द्यायचे आणि मी ते मुकाट्याने करायचे. त्यातले काही पास व्हायचे. पण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नापास होणाऱ्या पोरांचे चेहरे मी जवळून पाहिलेत. त्यांना कुणी रागावलं तरी काही वाटत नाही, कुणी शाबासकी दिली तरीही नाही. भाची सकाळी जॉगिंग ट्रॅकवरून येऊन चहाचा कप घेऊन बसायची तेव्हा तिचा चेहरा तसाच दिसायचा. तिला पाहून मलाच दमायला व्हायचं. जिद्द, चिकाटी वगैरे शब्द मी बोर्डावर लिहून लिहून झिजवले आहेत, आता माझा त्यांच्यावर फारसा विश्वास उरलेला नाही.

तरी मी तिच्याशी सरळ बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू करत गुरुवार उजाडला. आणि मधेच आमच्या ह्यांनी सत्कार काढला.

आमच्या ह्यांना सत्काराचं व्यसन आहे. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे हे सचिव. कुणाचा नातू सीए झाला, कुणी पंचाहत्तरी गाठली, कुणी नुसतं अमेरिकेहून परत आलं, की शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स ठरलेलाच. घरात आंतरराष्ट्रीय खेळाडू येऊन राहिली आहे म्हटल्यावर ह्यांना झोप कशी लागणार? भाचीने फोनवरून एक फोटो दिला. त्यात ती हवेत आडवी झाली होती, दोन्ही हात ताणलेले, आणि चेंडू तिच्या बोटांपलीकडे जाळ्यात शिरत होता. ह्यांनी फ्लेक्सवाल्याकडून चेंडू तेवढा कापून घेतला. चेंडू गेल्यावर फोटो फारच छान दिसू लागला.

सत्कार म्हटला की सत्काराला उत्तर आलंच. सत्कारमूर्तीने उठून चार शब्द बोलायचे, सगळ्यांचे आभार मानायचे, नाहीतर म्हाताऱ्यांना कार्यक्रम अर्धवट वाटतो. भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला असं मोठं मराठी येत नाही, तू लिहून दे, मी वाचते. तिला वाचता यावं म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी भाषण लिहिलं. माननीय अध्यक्ष, उपस्थित वडीलधारी मंडळी, आजोळच्या मातीचं प्रेम, सगळं घातलं. लिहिता लिहिता माझ्या मनात आलं की जे मला तिच्याशी बोलायला जमत नाही, ते इथेच लिहून टाकावं. चारचौघांत एकदा बोललं की माणूस मागे फिरत नाही. मी शेवटी लिहिलं, ‘आजच्या या सत्काराच्या साक्षीने मी फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर करते.’

तिने तो कागद शुक्रवारी घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. उघडून पाहिलाच नाही. मी तिला आधी वाचून बघ, असं म्हणाले नाही. हे मी विसरले असं आजवर बहिणीला सांगत आले. विसरले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी संघाचा हॉल भरला. नामपूरहून तिचे चुलत आजोबा एसटीने आले होते. दिसेल त्याला थांबवून, “हाई आमनी पोर शे,” असं अहिराणीत सांगत होते. फ्लेक्स लावला होता, चेंडूशिवायचा. शाल घातली, नारळ हातात दिला. ह्यांनी प्रास्ताविकात तिला युरोपच्या मैदानावरची नाशिकची वाघीण केलं. किती सामने जिंकले, हे कुणीही विचारलं नाही. आमच्याकडे सत्कारात असले प्रश्न विचारायची पद्धत नाही, आणि त्या दिवशी ते मला फार बरं वाटलं.

मग ती उठली. नारळ खुर्चीवर ठेवला आणि कागद उघडला. चांगलं वाचत होती. ‘वडीलधारी’ला जरा अडखळली, लोक कौतुकाने हसले. शेवटच्या ओळीपाशी आली आणि थांबली. तिने आधी ती ओळ मनात वाचली, ओठ हलताना मला दिसले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत होते. तिला काय दिसलं असेल मला माहीत नाही. मी मान हलवली, हो म्हणून.

तिने ती ओळ वाचली. शब्द न् शब्द, जसा लिहिला होता तसा.

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि वाघिणीला पडल्या नसतील इतक्या जोरात पडल्या. बसलेले सगळेच पेन्शनर. फुटबॉल त्यांना परका होता, पण निवृत्ती त्यांच्या घरची. अध्यक्ष उठून म्हणाले की आमच्यात स्वागत आहे, फक्त बेटा, तू जरा लवकर आलीस. सगळे खदखदून हसले. एका आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि आता लग्नाचं बघा, असं मला बजावलं. चुलत आजोबांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना निवृत्त झालेली नाही, खेळणारी पोर बघायची होती.

घरी आल्यावर तिने शाल घडी करून माझ्या कपाटात ठेवली आणि सोफ्यावर बसून कोचला मेसेज पाठवला. पाठवला, असं मला सांगितलं. मी लगेच बहिणीला फोन केला. ती रडली, माझे आभार मानले. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. भाचीला आपण त्या जाळ्यातून सोडवलं, अशीच माझी समजूत होती.

पुढचे पंधरा दिवस ती बरी होती. नीट जेवायची. माझ्याबरोबर भाजी आणायला यायची. आम्ही येवल्याला जाऊन बहिणीसाठी पैठणी घेऊन आलो. येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पोर सुटली, असं मला वाटलं. मी ह्यांनाही तसं म्हणाले, तर हे म्हणाले, मग तू का एवढी खूश? मला राग आला. पुरुषांना कधी काय विचारावं कळत नाही.

मग तिच्या संघाचा पुढचा सामना आला. तिकडे दुपार, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. ती आली, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि माझ्यासमोर बसली. बघू नकोस म्हणणार होते, पण मग मीही बघत बसले. समालोचनातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. कळायची गरजही पडली नाही, पहिला गोल पाचव्या मिनिटाला झाला.

गोलकीपर लहान दिसत होती. हातमोजे तिला मोठे होत होते. मी विचारलं, ही कोण?

“सतरा वर्षांची आहे. शाळेत आहे अजून. आमच्याकडे दुसरी कोणी नाही.”

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. मी म्हणाले, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

“तू विचारलं नाहीस, मावशी. तू लिहून दिलंस.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. ती नुसतं सांगत होती, फोनकडे बघत. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले की आधी गणितात काय दिलंय ते नीट वाचा, उत्तराची घाई करू नका. आणि मी स्वतः माझ्या भाचीचं उत्तर तिला न विचारताच लिहून मोकळी झाले होते. मी चुकले, असं मी तिला तिथेच म्हणाले.

दुसरा, तिसरा, चौथा. ती आता खुर्चीच्या कडेला आली होती. चेंडू यायचा त्या बाजूला तिचा खांदा आपोआप कलायचा. एकदा ‘डावीकडे’ म्हणाली, हळूच, घरच्याच मराठीत, जणू त्या पोरीला मराठी कळत होतं. पाचव्या गोलनंतर ती पोर पाठ फिरवून खांबाला धरून उभी राहिली. चेंडू जाळ्यात तसाच पडलेला. समोरच्या संघातली एक जण आली आणि वाकून तो घेऊन गेली.

भाचीने हातानेच तोंड दाबलं. मग मला समजावून सांगितलं, अगदी सावकाश, मी तिला लहानपणी फोनवर पाढे सांगायचे तसं. गोल झाला की चेंडू आपणच काढायचा. लगेच काढायचा, कुणाकडे न बघता. तो दुसऱ्याने काढला की मग काही उरत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच दोन वर्षांनी कळलं होतं. आणि त्या पोरीला शिकवायचं राहून गेलं होतं.

नऊ झाले. सामना संपल्यावर बाकीच्या जणी हात मिळवत होत्या आणि ती पोर गोलमध्येच बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. कॅमेरा तिच्यावर थांबला नाही, पुढे गेला.

भाचीने फोन उचलला आणि लिहायला लागली. ते कोचला आहे हे मला कळलं. आतून ह्यांनी विचारलं, जिंकले का ग? मला बहिणीचं रडणं आठवलं, भाचीची मोडलेली बोटं आठवली, ती समोरच होती, मधलं जरासं वाकडं. आता तिला थांबवायचा हक्क मी गमावला होता आणि जा म्हणायला जीभ उचलत नव्हती. म्हणून जे शनिवारच्या सत्काराआधी विचारायला हवं होतं तेच विचारलं. तुला परत खेळायचंय का?

“नाही,” ती म्हणाली. “मला नकोच आहे ते. कंटाळा आलाय मला.” लिहून झालं तरी तिने मान वर केली नाही. “पण ते गोल माझ्या वाट्याचे आहेत, मावशी. त्या पोरीला कसे देऊ?”