चित्रातलं पाणी

आत्याला चित्रप्रदर्शन दाखवायला नेलं होतं. तिचं घर समुद्राला लागून आहे, आणि दर पावसाळ्यात पाणी आणखी थोडं आत येतं. एका चित्रात सगळं गाव पाण्याखाली होतं. खिडक्यांतून मासे फिरत होते, आणि चुलीपाशी एक बाई भाकरी थापत बसली होती. आत्या तिथून हलेना.

"ही बाहेर का पडत नाही गं?" मी विचारलं.

"कुठं जाईल रे?" ती म्हणाली.

समुद्र वाढतोय, हे मी पेपरात वाचतो आणि पान उलटतो. पाणी चढेल तेव्हा आत्या कुठे बसलेली असेल, हे मात्र त्या चित्रापुढे उभं राहीपर्यंत कधी डोळ्यांपुढे आलंच नव्हतं. 'माझ्याकडे ये राहायला' म्हणणार होतो. आमच्या दोन खोल्या आठवल्या, आणि मी नुसता तिचा हात धरून उभा राहिलो.