बुडगया

नीराबाईचा उन्हावरही विश्वास नव्हता. बोंबील दांडीवर लटकवले की ती दिवसभर खाली बसून असायची. कावळ्यांचं भय सगळ्यांनाच, हिला जावेच्या कोंबड्यांचं होतं, जावेचंही होतं. वाण्यानं ताजवा उचलला की म्हणायची, "आधी हात झटक. बोटाला काय चिकटवलंस, मना काय ठावं?" कोणी हसून बोललं तर मागायला आलंय, न बोलता गेलं तर काहीतरी नेलंय. रेवदंड्याचा कोळीवाडा तिला हसायचा, पण तिच्या दांड्यांखालून जाताना हात मोकळे दिसतील असे धरून जायचा.

तिचा नवरा कोंडाजी तांडेल. होडी त्याची, सुकाणू त्याच्या हातात, तोंडात मात्र शब्द नाही. आदल्या शिमग्याच्या सुमाराला त्याचा बाप बाबाजी चालत्या होडीतून लाटेनं उचलला. मढं मिळालं, दिवस झाले, भावकीनं हरेश्वराला जाऊन पिंडही दिले. त्यानंतर नारळी पुनव आली नि गेली, सगळ्यांच्या होड्या पाण्यात उतरल्या. कोंडाजीची होडी माडाखालीच राहिली. आज जाळं फाटलंय, उद्या कान दुखतोय, परवा फळी कुजलीय. फळी आणायला म्हणून तो तीनदा दिघीला जाऊन आला. फळी काही आली नाही.

एकोणतीस सालची दिवाळी झाल्यावर गयेहून एक गयावळ आला. यात्रेकरू जमवत फिरणारा तो पंड्या मारुतीच्या देवळात उतरला आणि मोडक्या मराठीत सांगू लागला. आधी फल्गू नदी, मग विष्णूची पावलं, मग बुद्धगया. तिथं मोठा पिंपळ, त्याखाली पिंड द्यायचे. शेवटी आपल्या आवडीचं एक काहीतरी तिथं सोडून यायचं, ते जन्मभर शिवायचं नाही.

कोळ्यांनी ऐकलं ते बुडगया. मुंबईच्या गोदीत खलाशांची हिंदी सगळ्यांच्या कानावरून गेलेली. बुडला तो गया. बुडून मेलेल्यांसाठी देवानं एक निराळं ठिकाण राखलंय, यात कोणाला नवल वाटलं नाही. उलट इतके दिवस कोणी सांगितलं कसं नाही, याचंच वाटलं.

नीराबाईला वेगळंच वाटलं. शेजारच्या कोकिळेला ती म्हणाली, "आमच्या घरात बुडालेला माणूस हाय, ह्या भटाला कोणी सांगितलं गो?"

"अगो, कोळीवाडा हाय ह्यो. कंच्या घरात न्हाय?"

"तूच सांगितलंस."

"मना काय करायचंय? माझ्या मामंजींनी गयेला कारलं सोडलं, तेवढंच मना ठावं."

"कारलं आवडायचं?"

"थुंकायचं ते. म्हणून तर सोडलं."

त्या संध्याकाळी कोंडाजी ताटावरून म्हणाला, "मी बुडगयेला जातो."

"मामंजींचं झालंय ना हरेश्वराला?"

"ते साधं झालं. ह्ये बुडगयेचं निराळं. पिंपळाखाली सोडून आलं की सुटलो."

एका दमात एवढं बोलला, तिथंच नीराबाईनं ओळखलं, यात काहीतरी आहे. काय सोडून येणार, ते त्यानं सांगितलं नाही. कालवण मात्र बोटं चाटून खाल्लं, म्हणजे मासळी सुटत नव्हती. ताडी तर त्यानं कधीच घेतली नव्हती. उरलं कोण? दिघीला राही नावाची एक बाई जाळी विणून विकायची, तिचं नाव नीराबाईच्या कानावर होतं. कोंडाजी निजल्यावर तिनं त्याचा डोक्याचा रुमाल उचलून हुंगला. बाईचा वास आला नाही. पण मासळीचाही येईना, खाऱ्या पाण्याचाही येईना. कोळ्याच्या रुमालाला असा कोरडा वास येतोय, हे राहीपेक्षाही वाईट वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी पुतण्याशी, सदाशी, होडीच्या आडोशाला बोलत होता. नीराबाई दुसऱ्या अंगाला फळीला कान लावून उभी.

"काका, काकीला सांग एकदा," सदा म्हणाला.

"नको. गयेला सोडून येतो. देवापुढं सोडल्यावर कोण काय बोलंल?"

नीराबाई वळसा घालून पुढ्यात आली. "सोड, आत्ताच सोड मना! आणि आण तुझ्या राहीला!"

सदा पळाला. कोंडाजी बघतच राहिला. "कोण राही?"

"दिघीची!"

"ती म्हातारी? तिला दात न्हाईत गो!"

"दातांशी लगीन लावतात काय?"

कोंडाजी हसला नाही. खाली वाळूत बसला. "दिघीला गेलोच न्हाय मी. हितली साळावची खाडी ओलांडवली न्हाय. होडीत पाय ठेवला की गार पडतो, बाबाचा हात वर आलेला दिसतो. सुकाणू माझ्या हातात होतं. माडांच्या वाडीत कुठंतरी निजायचो नि सकाळी घरी यायचो." वाळू मुठीत धरून तो म्हणाला, "दर्या सोडतोय मी. भिऊन सोडला तर पोरं थुंकतील. बुडगयेला सोडला तर नेम झाला."

नीराबाई मागं फिरली. बोंबील उलथे करायची वेळ झाली होती, ती तिकडे गेली. उलथे करता करता तिनं सगळा कोळीवाडा नजरेखालून घातला. कोणाला कळलंय, कोण ओळखून गप्प आहे, कोण उद्या बोलेल.

सकाळी बाया पाण्याला निघाल्या, पुरुष जाळी घेऊन देवळासमोर बसले, तेव्हाच ती तिथं जाऊन ओरडली, "काय रं भटा! माझ्या दादल्याला दर्या सोडायला लावतोस?"

गयावळ दचकला. "मैंने? बाई, मी फळ बोललो. आंबा सोडा, पेरू सोडा..."

"तांडेलानं पेरू सोडला तर देव फसंल व्हय? आवडीचं मागतोस ना? त्याच्या आवडीचं एकच हाय!"

"और वो बुड नहीं, बुद्ध! बुद्ध भगवान पिंपळाखाली तप करायला बसले होते..."

नीराबाईच्या ध्यानात आलं. म्हणजे बुडालेल्यांचं ठिकाण नव्हतंच ते. कोंडाजी गर्दीच्या मागं उभा होता. त्यानं ऐकलं की काय, या धास्तीनं ती दुप्पट ओरडली, "बुडगयाच! अख्खा वाडा ऐकतोय ते खोटं? आता बोललेलं फिरवतोस? चोर हायेस तू!"

म्हातारा धर्मा मधे पडला. "नीराबाय, पुरे. देवाच्या नेमात बायकांनी आडवं येऊ नये. सोडू दे त्याला दर्या. बापासाठी सोडतोय, लहान गोष्ट न्हाय ती."

चालून आलेला यजमान जातोय की काय, म्हणून गयावळानंही हात जोडले. जन्मभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईचा संशय त्या दिवशी कोणालाच आला नाही.

निघायच्या दिवशी अख्खा कोळीवाडा बंदरावर आला. आगबोट बाहेर उभी, तिथवर पडावातून जायचं. कोंडाजी काठावर येऊन थांबला. पाय उचलेना. माणसं बघू लागली.

"नेम हाय!" नीराबाई म्हणाली. "बुडगया दिसंपर्यंत पाण्याकडं बघायचं न्हाय." आणि घोंगडी त्याच्या डोक्यावरून नाकापर्यंत ओढली. माणसं हात जोडून बाजूला झाली. तिनं त्याला धरून पडावात बसवलं नि स्वतःही शेजारी बसली.

पडाव हलला. घोंगडीखालून कोंडाजीनं तिचं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

"काय फुटलं गो?" काठावरून कोकिळा ओरडली.

"तुझी नजर लागली!" नीराबाई ओरडली, आणि मनगट तसंच त्याच्या मुठीत राहू दिलं.