बिल यायच्या आत

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात कुणाचा एक पैसा बुडवला नाही, आणि बँकेच्या दृष्टीने तिथेच त्यांचं चुकलं.

जाऊबाई कपडे दुरुस्त करतात. पँट आखूड करणं, जिप बदलणं, पोट वाढलेल्यांच्या शिवणी सोडणं. दीर गेले तेव्हापासून एकोणीस वर्षं जिन्याखालच्या एका भाड्याच्या गाळ्यात बसतात. दोऱ्याचं रीळसुद्धा कधी उधारीवर आणलं नाही.

मग गाळ्याच्या मालकांनी तो विकायचं ठरवलं. "बाई, आधी तुम्हाला विचारतोय," ते म्हणाले. "वर्षभर थांबतो. पुढे मात्र मला जमायचं नाही."

म्हणून कर्जासाठी आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेब तरुण होते, कॉम्प्युटरकडे बघून बोलत होते.

"काकू, तुमची क्रेडिट हिस्टरी नाही."

"म्हणजे वाईट आहे?"

"वाईट असती तर काही बोलता आलं असतं. नाहीच आहे."

"मी कधी कर्जच काढलं नाही हो."

"तेच तर."

जाऊबाईंनी पिशवीतून भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. साहेबांनी तो न उघडता, फार अदबीने, परत दिला. बुडव्या माणसाला बँक निदान ओळखते तरी.

यावर उपाय म्हणजे क्रेडिट कार्ड. पण ज्याची हिस्टरी नाही त्याला कार्डही मिळत नाही, म्हणून जाऊबाईंची ठेव बँकेने तारण घेतली आणि तेवढ्या रकमेचं कार्ड दिलं.

"म्हणजे माझेच पैसे अडकवून बँक मला उसने देणार," त्या रस्त्यात म्हणाल्या. "आणि मी परत केले की मला शाबासकी."

"ताई, साहेब शिकलेले आहेत. त्यांना कळत असेल."

"म्हणून तर भीती वाटते."

तरी कार्ड त्यांनी नेमाने वापरलं. सकाळी दोरे, जिपा, बटणं कार्डावर घ्यायची आणि दुपारी शटर अर्धं ओढून बँकेत पैसे भरून यायचे. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "काकू, बिल यायला अजून वीस दिवस आहेत."

"आणि तोवर मी गेले तर?"

यावर त्या मुलीला नियम सापडायचा नाही. ती पैसे मोजून घ्यायची.

असे आठ महिने गेले. आम्ही पुन्हा साहेबांसमोर बसलो.

"काकू, तुम्ही कार्ड वापरलंच नाही."

"अहो, दर आठवड्याला वापरलंय."

"पण बिल निघायच्या आतच भरून टाकलंत. इथे प्रत्येक महिन्याला शून्य दिसतंय. बिल येऊ द्या, मग भरा. थोडे दिवस देणं अंगावर राहू दे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. सहा महिने तरी."

मालकांच्या वर्षातले चार महिने उरले होते.

साठीला टेकलेली बाई मग देणं ठेवायला शिकू लागली. पैसे पाकिटात तयार असायचे, दिवसातून दोनदा मोजले जायचे, आणि तारीख मात्र यायची नाही.

"अगं, मला त्या दोरेवाल्याच्या दुकानासमोरून जाववत नाही."

"ताई, त्याचे पैसे त्याला मिळालेत. देणं बँकेचं आहे."

"मग बँकेसमोरूनही नको."

मी रोज देवापुढे बसते. त्या दिवसांत एकच मागायची, या बाईला थोडं देणेकरी राहायचं बळ दे. असलं मागणं त्याच्याकडेही पहिल्यांदाच गेलं असेल.

वर्ष संपलं. जाऊबाईंनी आणखी दोन महिने मागितले. मालकांना मुलीच्या घराचा हप्ता भरायचा होता. त्यांनी मान खाली घालून नाही म्हटलं. गाळा शेजारच्या चष्मेवाल्याने घेतला.

आणि दोन महिन्यांनी साहेबांचा आपणहून फोन आला.

"अभिनंदन काकू. स्कोअर फार छान आलाय. आता गाळ्याला कर्ज मिळेल."

"तो गेला."

"मग दुसरा बघा."

अगदी बरोबर. शहरात गाळ्यांना काय तोटा? एकोणीस वर्षांची गिऱ्हाइकं तेवढी त्याच जिन्याखाली यायची, इतकीच अडचण.

दोन गल्ल्या पलीकडे एक मिळाला. अरुंद, मागच्या अंगाला, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. कर्ज आठवड्यात मंजूर झालं. मशीन बसलं, पण दीरांनी स्वतः ठोकलेलं कापायचं टेबल काही केल्या आत जाईना. सुताराने मोजून आठ इंच जास्त आहे म्हणून सांगितलं.

"ताई, लहान टेबल घेऊ या नवीन," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. गिऱ्हाइकाच्या पँटवर ओढतात तशी टेबलावर खडूची सरळ रेघ ओढली.

"इथून काप," त्या सुताराला म्हणाल्या, आणि करवत चालताना लाकूड हलू नये म्हणून दुसरं टोक स्वतः दाबून धरलं.