डाव्या डोळ्याला टोचतंय

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. कारण विज्ञान वगैरे काही नाही... माझा माणसांवरच विश्वास नाही, तर भुतांवर कुठून बसणार! नवरा म्हणतो, हिला साक्षात देव भेटला तरी आधी आयडी कार्ड मागेल. तरी हे लिहितेय, कारण वर्ष होत आलं आणि यातला चोर मला अजून सापडलेला नाही.

मी मूळची चिपळूणची. गेली चौदा वर्षं बहरीनला, उम्म अल हस्सममध्ये राहते. बारशी, वाढदिवस, झल्लाकच्या रिसॉर्टवरची लग्नं – असे फोटो काढते. २०२१ च्या पुरात आमचं चिपळूणचं घर माळ्यापर्यंत बुडालं. आई त्याआधीच गेली होती आणि तिचे सगळे फोटो एका अल्बममध्ये होते. "अल्बम वाहून गेला, वन्सं," असं वहिनीने फोनवर सांगितलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बंद कपाटातला अल्बम वाहून जातो कसा? हिने उघडूनही न बघता चिखलाबरोबर कचऱ्यात घातला असणार! मी तसं बोलून दाखवलं. तेव्हापासून आमचं नातं सणासुदीच्या मेसेजपुरतं उरलं. जगाचे फोटो काढणाऱ्या माझ्याकडे माझ्या आईचा एकही फोटो नव्हता.

गेल्या वर्षी इथल्या फोटोग्राफी ग्रुपमधले आम्ही चौघं जपानला गेलो. ईशान्येचा किनारा, जिथे त्सुनामी आली होती. नवे रस्ते, नवी घरं आणि समुद्र दिसूच नये इतकी उंच भिंत. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमची दुभाषी मिका आम्हाला एका गावातल्या हॉलमध्ये घेऊन गेली. त्सुनामीच्या चिखलात सापडलेले, पण कोणीच न्यायला न आलेले फोटो तिथे धुऊन दोरीला चिमट्यांनी लावलेले होते. चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, अशी सक्त ताकीद. हॉल सांभाळणाऱ्या सत्तरीच्या आजी फोटो धुण्याची रीत दाखवत होत्या – कोमट पाणी, मऊ ब्रश, काही चिकटलं असेल तर ओढायचं नाही, आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. आमच्यातली शशी त्याचा व्हिडिओ घेत होती.

मी मात्र दोरीवरचे चेहरे एकेक करून बघत होते. काय शोधत होते, माझं मलाच ठाऊक. तेवढ्यात आजी आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. वाटलं, आता ओरडणार... त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मिका गोंधळली. तिने त्यांना पुन्हा विचारलं, मग मला म्हणाली,

"त्या म्हणतायत, तुझा फोटो इथे नाही. तो तांदळात आहे. डाव्या डोळ्याला टोचतंय, काढायला सांग."

मिका ध चा मा करतेय, हा माझा पहिला संशय. शशीचा कॅमेरा तेव्हाही चालूच होता. बसमध्ये तो व्हिडिओ मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपला ऐकवला. तांदूळ. डावा डोळा. तेच! मग संशय शशीवर, तिनेच आजींना पढवलं असेल. पण अल्बमचा विषय मी ग्रुपमध्ये कधी काढलाच नव्हता.

बहरीनला परतल्यावर मुलीला सांगितलं. "आई, रँडम गेस! जपानमध्ये सगळीकडे राईसच असतो."

"आणि डावा डोळा?"

तिने इयरफोन पुन्हा कानात घातले.

शेवटी वहिनीला फोन लावला. कशी आहेस नाही, काही नाही. सरळ विचारलं, "वहिनी, तांदळात काय ठेवलंयस?"

पलीकडून हुंदका.

"तुम्हाला कोणी सांगितलंन वन्सं? ह्यांनी? पण ह्यांनासुद्धा मी बोलले नव्हते हो..."

अल्बमचा लगदा झाला होता, ते मला सांगवेना म्हणून ती वाहून गेला म्हणाली होती. त्यातून एकच फोटो तिने सोडवला होता. मोबाईल भिजला की तांदळात घालतात, म्हणून तिने तो मदतीत आलेल्या तांदळात ठेवला. "चार दिवसांनी बघते तर तांदूळ आईंच्या डोळ्यालाच चिकटलेला. ओढला तर डोळाच येईल हातात! तुम्ही तर आधीच कचऱ्यात घातलास म्हणालात. मग कोणत्या तोंडाने दाखवू? तसाच डबा माळ्यावर ठेवला."

तो डबा आणला हमीदभाईंनी. आमच्या चिपळूणकडचेच, इथल्या नईम भागात दुकान आहे त्यांचं, सुट्टीवरून परत येत होते. "बाय, डबा मांडीवर घेऊन बसलोय विमानात. तांदूळ कशाला नेताय विचारतायत, मी काय सांगू? तुझ्या वहिनीनं शपथ घातलीन, हातातनं सोडायचा नाय म्हणून. घे... खलास, सुटलो!"

शुक्रवारी दुपारी ट्रेमध्ये कोमट पाणी घेतलं. वहिनीला व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवला. आजींनी दाखवलं तसं थांबत थांबत, दाणे एकेक करून सुटले. डाव्या डोळ्याभोवतीचेच... दुसरीकडे कुठेही दाणा नव्हता. बाकीचा चेहरा बुरशीने खाल्लेला – हनुवटी नाही, गाल नाही, उजवी बाजू तर पार पांढरी. जिथे तांदूळ चिकटला होता, तेवढीच आई शाबूत होती. डावा डोळा आणि अर्धं कुंकू.

"खराब झाला ना वन्सं? माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळेच उरलीय गं ती," म्हटलं. वहिनी तिकडे रडत होती, मी इकडे.

आजींना हे कोणी सांगितलं, असं मी नंतर मेसेज करून मिकाला विचारायला लावलं. आजींनी उलट विचारलं, टोचायचं थांबलं का? वहिनीचा अजून दादावर संशय आहे, दादा देवाशप्पथ नाही म्हणतो. माझ्याकडे खुलासा नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा.

तो डोळा फ्रेम करून मी आमच्या घरच्या हॉलमध्ये लावलाय. डबा संपवला असं शाळेतून येऊन खोटं सांगितलं की आई जशी बघायची, तसाच बघतो. संशयी स्वभाव मी तिच्याकडूनच घेतला, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे. पण तसं बघून झालं की ती हात धरून जेवायला बसवायची... ते मात्र घ्यायचं राहून गेलं होतं.