बमानीखानूमच्या वाट्याचा वारा

इराणातल्या यज्दच्या त्या गल्लीत म्हणत, बमानीखानूम स्वतःच्या सावलीलाही नाव-गाव विचारल्याशिवाय दारात उभी करत नाही. साखरेच्या डब्याला कुलूप, कुलपाची किल्ली कमरेला. नवरा गेल्यावर घराची वाटणी झाली. अर्ध्या घरात ती, अर्ध्यात धाकटी जाऊ शहरबानू. सामाईक राहिलं ते अंगण आणि छतावरचा बादगीर. हा उंच मनोरा वरचा वारा पकडून खाली सोडी. आत मधोमध विटांची पडदी होती, त्यामुळे निम्मा वारा हिच्या खोलीत, निम्मा तिच्या.

त्या उन्हाळ्यात बमानीच्या वाट्याचा वारा थांबला. खोली भट्टीसारखी तापू लागली. दोनदा तिला घेरी आली. तेहरानहून मुलाने कळवलं, "शुक्रवारी येतोय. खोली अशीच असली तर घराला कुलूप लावून तुला घेऊन जाणार." चाळीस वर्षांचं घर सुटणार होतं आणि ते कुणामुळे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

बादगीर दुरुस्त करणाऱ्या उस्ताद करमला बोलावून ती म्हणाली, "वर फळी ठोकलीय त्या शहरबानूनं."

म्हातारा करम वर जाऊन आला. "फळीबिळी काही नाही. मार्ग मोकळा आहे."

"तुम्ही चढताना बघून काढली असेल."

"सत्तर किलोची बाई माझ्याआधी छतावर कशी पोचेल?"

बादगीरचा वारा जिथून खोलीत उतरे, त्या वरच्या झरोक्यातून पलीकडच्या शहरबानूचा आवाज उतरला, "पासष्ट, उस्ताद! वहिनींचं वजन सांगू का?"

"बघा! कान लावून बसते मेली."

"झरोका बंद असता तर तिचं बोलणं खाली आलं असतं का, खानूम?"

बमानीला पटलं नव्हतं.

वारा कुठे अडतो ते बघायला करमने निखाऱ्यावर धुरासाठी इस्फंदचे दाणे टाकले. धूर झरोक्याखाली नुसता तरंगत राहिला. तो खोलीभर नजर फिरवू लागला. "अंगणाकडचं दार कुठाय?"

"कशाला हवंय?"

त्याने भिंतीवरचा गालिचा उचलला. मागे दार होतं, कडेकडेने नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या ठोकून लिंपल्यासारखं बंद. हिवाळ्यात शहरबानूने सहज विचारलं होतं, काल पाहुणे कोण आले होते? त्याच दिवशी बमानीने खिळे आणले होते.

"आत आलेल्या वाऱ्यानं जायचं कुठून? बाहेर वाट नसेल तर तो उतरणारच नाही," करम म्हणाला आणि खिळे उपटू लागला.

दार उघडताच धूर वाकला, जमिनीलगत सरपटत अंगणात गेला. मागोमाग वरून गार झुळूक बमानीच्या मानेवर आली. तिने डोळे मिटले. मग लगेच उघडून अंगणात कोण आहे ते पाहिलं.

शुक्रवारी मुलगा आला, जेवून आडवा झाला आणि झोपेतच त्याने चादर ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परतला.

दार तिने उघडंच ठेवलं. फक्त गादी जरा सरकवली. पडल्या पडल्या शहरबानूचा उंबरा दिसायला हवा होता.