गाडीला पागडी लागत नाही

धोंडू परबाने आपलं घर आडवं पडून पसंत केलं. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याच्या आवारात पाव पोचवायची एक जुनी गाडी उभी होती. तिचं मागचं दार उघडून धोंडू आत शिरला, हाताने धूळ झटकली आणि सरळ लांब झाला. पाय पुरले. मग कुशीवर वळून शेजारी आणखी एका माणसाची जागा उरते का ते पाहिलं. उरत होती. भंगारवाला बाहेर उभा राहून इंजिन का नाही, कुठे गेलं, याच्या सबबी सांगत होता. इंजिन हवं होतं कुणाला? धोंडू मान वाकवून उभा राहिला, डोकं पत्र्याला लागलं, आणि तो म्हणाला की घेतो.

वेडा नव्हता हो तो. भांडुपच्या एका कारखान्यात पेट्या भरायचं काम करणारा, देवगडकडचा साधा माणूस. मुलुंडला गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा. ही गावकीची खोली म्हणजे रात्रपाळीचे उठले की दिवसपाळीच्यांनी त्याच वळकटीवर पडायचं. तिथे ट्रंक ठेवायलाच जागा नाही, तर बायको कुठे ठेवणार? लग्न होऊन चार वर्षं झाली होती. शेवंती गावी सासूजवळ, आणि हा शिमग्याला नाहीतर गणपतीला पाहुण्यासारखा जाऊन यायचा. गेल्या खेपेला निघताना ती वेशीपर्यंतही आली नाही. ते त्याला फार लागलं होतं.

खोलीचं भाडं त्याने कसंबसं दिलं असतं. पण तेव्हा मुंबईत काय नि मुलुंडात काय, खोली भाड्याने घ्यायची तर आधी पागडी मोजावी लागे. हातात चावी पडायच्या आधीच माणूस आयुष्यभराचा उघडा पडायचा. धोंडू तीन चाळी हिंडून रिकाम्या हाताने परत आला. तेव्हा त्याच्याच गावचा जयवंत, ट्रकवर ड्रायव्हर होता तो, विडी ओढता ओढता बोलून गेला, "गाडयेक काय पागडी लागणा नाय रे." जयवंताने थट्टा केली होती. धोंडूने ती मनावर घेतली.

कुर्ल्याहून मुलुंडला ती गाडी आली आग्रा रोडने, दोन बैल जुंपून. स्टिअरिंगवर जयवंत, पुढे बैलवाला आणि मागे धोंडू. लोक दुकानातून उठून बघायला आले. गाडीच्या अंगावर 'ताजा पाव' अशी रंगीत अक्षरं होती, ती अर्धीमुर्धी उडाली होती. विक्रोळीला एक म्हातारी पैसे घेऊन आडवी आली आणि पाव मागायला लागली. पुढेही कित्येक महिने सकाळी सकाळी कोणीतरी दार ठोठावायचं नि धोंडूच्या शिव्या खाऊन जायचं.

आता गाडी मिळाली, पण ती उभी कुठे करायची? तिथे अण्णा गुप्ते आले. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते, आता पेन्शनीत. मुलुंडला त्यांचा वाडवडिलांपासूनचा बंगला, मागे बोरी-चिंचांचं मोठं आवार. झाडांना पाणी घालायला आणि चोरांवर नजर ठेवायला त्यांना माणूस हवाच होता. माणूस वाईट नव्हता, पण उभा जन्म कुळांचे आणि भाडेकरूंचे खटले ऐकून त्यांनी एकच गोष्ट शिकून घेतली होती. माणूस एकदा जमिनीवर टेकला की उठत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

म्हणून त्यांनी अट घातली. गाडी उभी कर, पण गाडीच राहिली पाहिजे. जोतं नाही, भिंत नाही, चाकं काढायची नाहीत. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती माझ्यादेखत चार हात ढकलायची. एका महिन्यात पुढे, दुसऱ्या महिन्यात मागे. म्हणजे ती हलती आहे, स्थावर नाही, हे सगळ्या गावाला दिसेल. हे कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं ते अण्णांनाच ठाऊक. धोंडूने बोरीला हात लावून शब्द दिला. त्याला काय, महिन्याला चार हात ढकलणं म्हणजे कारखान्यातल्या एका पेटीचं काम.

गणपतीला तो गावी गेला आणि बोटी सुरू झाल्यावर शेवंतीला घेऊनच आला. वाटेत बोटीवर तो तिला घराचं वर्णन सांगत होता. पत्र्याचं आहे, भिंतीला फळ्या आहेत, दाराला कडी आहे. एकही गोष्ट खोटी नव्हती. चाकांचं तेवढं सांगायचं राहिलं.

शेवंतीने आवारात येऊन गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. पायरीवर चढली, पावाच्या लाद्या ठेवायच्या फळ्यांवरून बोट फिरवलं, खाली उतरली आणि तिने एकच विचारलं.

"हयचो राखणदार कोण?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कळतो. प्रत्येक जागेचा एक राखणारा असतो. घर बांधलं की त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, की बाबा, तुझ्या हद्दीत लेकरं राहायला आलीत, सांभाळ. मग साप असो की साथ, तो बघून घेतो. धोंडूने इंजिनाची चौकशी केली नव्हती तशी याचीही केली नव्हती. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, आवाराचा राखणदार तूच, त्यासाठीच तर ठेवलाय. शेवटी शेवंतीने स्वतःच बोरीखालची एक कोपऱ्यातली जागा धरली, नारळ फोडला आणि दाराशेजारी मातीची चूल घातली. गाडीच्या कडेला जयवंताने पत्र्याची एक झाप लावून दिली होती, तिच्या सावलीत चूल. फार नीटस होती बाई. चूल अशी सारवली की वाटावं दहा वर्षांची आहे.

पहिली तारीख आली. अण्णा काठी घेऊन आले, धोंडू-जयवंतांनी खांदा लावला, गाडी चार हात पुढे गेली. झाप तिच्याबरोबर गेली. चूल मागे उन्हात राहिली.

शेवंती तिथेच उभी होती. रात्री जेवण वाढताना म्हणाली, "बोट कधी सुटता?" दुसऱ्या दिवशी तिने नव्या जागी चूल घातली. पुढच्या महिन्यात गाडी मागे आली आणि चूल पुन्हा उघड्यावर पडली. मग हे चालूच झालं. गाडी हलली की त्या रात्री बोटीची चौकशी, आणि सकाळी उठून, महिनाभर उघड्यावर तडकलेल्या जुन्या चुलीच्या जागी पुन्हा माती कालवणं. तुळस लावायची तिची इच्छा होती, तीही तिने डालडाच्या डब्यात लावली, म्हणजे उचलता येईल. धोंडूला वाटे, ही बाई दिवस मोजते आहे. एक दिवस मी कामावरून येईन आणि फळीवर तिचं लुगडं नसेल. त्याला या विचाराने झोप लागायची नाही. ज्या बायकोसाठी लोकांनी पाववाला म्हणून हिणवलेलं सोसलं, तीच गेली तर मग या डब्यात करायचं काय?

त्यात तिला दिवस राहिले होते. सगळ्यांनीच धरलं होतं की ती बाळंतपणाला जाणार. पावसाच्या आधी बोटी बंद होतात, म्हणजे गेली की चार महिने तिकडेच. आणि चार महिन्यांनी जमिनीवरचं घर सोडून या पत्र्यात कोण परत येतं? जयवंताने बोटीचं विचारूनही ठेवलं. पण शेवंती म्हणाली, जाणार नाही. आई नसलेलीला कसलं माहेर. धोंडूने तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. उगाच विचारून तिला आठवण करून द्यायची कशाला?

मुलगा झाला मे महिन्याच्या अखेरीस. गाडीतच. सुईण जवळच्याच वाडीतली होती, तिने बाळामागून पडलेली वार पुरायला जागा विचारली. कुत्र्यांनी उकरू नये, पावसाने उघडी पडू नये, पायदळी येऊ नये अशी जागा हवी. तशी जागा आवारात एकच होती, गाडीच्या पोटाखाली, चार चाकांच्या मधोमध. सुईणीने तिथे खड्डा करून वार पुरली, वर दगड ठेवला, हळदकुंकू वाहिलं. धोंडूने ते पाहिलं आणि बोटांवर दिवस मोजले. पहिली तारीख आठवड्यावर होती.

तो अण्णांकडे गेला. या महिन्यापुरतं राहू दे म्हणाला. गाडीखाली वार पुरली आहे, बाळंतीण आत आहे, पुढच्या महिन्यात आठ हात ढकलतो. अण्णांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण जास्त भीती वाटत होती. माझ्या जमिनीत खड्डा झाला, ते म्हणाले, तुझ्या मुलाची वार त्यात गेली, आता गाडीही हलवायची नाही. उद्या म्हणशील याचं लग्न याच मांडवात. एकदा चुकलं की चुकलं रे धोंडू. तू शब्द दिला आहेस.

दिला होता खरा. आणि गरिबाजवळ दुसरं असतं काय हो? शब्द मोडला तर अण्णा उद्या गाडीच काढायला सांगतील, आणि ते कुणी चूक म्हणणार नाही.

पहिल्या तारखेला अण्णा आले, जयवंत आला. धोंडूने दाराशी जाऊन शेवंतीला सांगितलं, तू आतच पडून राहा, हळू ढकलतो, बाळाला कळणारही नाही. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना. शेवंतीने डोक्याला फडकं गुंडाळलं, मुलाला छातीशी धरलं आणि पायरी उतरून झाडाशी जाऊन उभी राहिली. ढकला म्हणाली. दोघांनी खांदा लावला. गाडी कुरकुरली आणि चार हात पुढे जाऊन थांबली.

मागे तो दगड उघडा पडला. हळदकुंकू तसंच होतं.

शेवंती चालत आली आणि दगडाला लागून जमिनीवर बसली. मांडी घालून, मुलावर पदर ओढून. जूनचं ऊन, अंगावर ओलं बाळंतपण, आणि बाई भुईवर. धोंडूने हात धरून उठवायला पाहिलं, तर तिने हात सोडवून घेतला.

"गाडी घेवन जावा खंय व्हयी थंय," ती म्हणाली. "माझ्या झिलाची वार हय असा. मी हयसून हलूचंय नाय."

अण्णा काठीवर रेलून उभे होते. त्यांनी धोंडूकडे पाहिलं, म्हणजे धोंडूने आता काहीतरी करावं. धोंडूने केलं. तो बायकोच्या शेजारी मातीत बसला.

"अण्णा, माझा शब्द मी पाळला," तो म्हणाला. "हिचं काय ते तुम्ही हिच्याशीच बोला."

जयवंत गाडीच्या पत्र्याला टेकून विडी शोधू लागला. कुंपणापलीकडे दूधवाला सायकल थांबवून बघत होता, त्याच्या मागे आणखी दोघं. अण्णांना ते दिसत होते. चाकांची अट घातली, भिंतींची घातली, जोत्याची घातली, पण बाई भुईवर बसली तर काय, हे कुठल्याच खटल्यात आलं नव्हतं. मागच्या पडवीत त्यांची बायको वसुधाबाई अळिवाच्या खिरीचं भांडं घेऊन निघाली होती, ती पायरीवरच थबकली.

"अहो, ओली बाळंतीण आहे ती," ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशी.

अण्णा दगडाजवळ आले. ऊठ मुली, म्हणाले, गाडी मागे घेऊया. शेवंती हलली नाही.

"अण्णानू, फुडच्या म्हयन्यात परत ढकलूक सांगशात?"

अण्णांनी काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढली, पुसली. आयुष्यभर दुसऱ्यांकडून शब्द घेतलेला माणूस, द्यायची सवय नव्हती त्याला.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "नाही सांगणार."

"सबूद?"

"शब्द. ऊठ आता."

शेवंती उठली. वसुधाबाईंनी खिरीचं भांडं खाली ठेवलं आणि सोवळंओवळं काही न बघता मूल आपल्या हातात घेतलं. धोंडू अजून मातीतच बसला होता. एवढे महिने तो बोटीला भीत होता, आणि ही बाई एवढे महिने फक्त पाय रोवायला जागा मागत होती. त्याला रडू आलं. सरळ सगळ्यांच्या देखत आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही.

जयवंताने हाक मारली तेव्हा तो उठला. दोघांनी खांदा लावला. आणि मग तिसरा खांदा आला. काठी बोरीला टेकवून, धोतर वर खोचून अण्णा ढकलायला उभे राहिले होते. इतके महिने नुसते बघत आले होते, त्यांना कुठे जोर द्यायचा तेही ठाऊक नव्हतं. गाडी मागे सरकली आणि दगड पुन्हा सावलीत गेला.

अण्णा धापा टाकत बाजूला झाले. त्यांनी चाकांकडे पाहिलं, कुणाकडेच न बघता पंच्याने मान पुसली.

"चाकांना चारी बाजूंनी दगड लाव रे," ते म्हणाले. "पोर आत असताना घसरायला नको."

धोंडू आणि जयवंत दगड गोळा करायला लागले.